डबा नवा, साचा जुना

मुलांना मोबाइलपासून थोडा वेळ तरी दूर ठेवील असा छंद सुचवा, अशी पत्रे या सदराकडे नेहमी येतात. या महिन्यात मात्र एका वाचक भगिनीने वेगळाच प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलाने दोन वर्षांची ईदी साठवून एका अमेरिकन मोटारीचे प्लास्टिकचे किट मागवले. डब्यावर नवे चकचकीत चित्र होते. आत निघालेल्या भागांच्या कडांना मात्र प्लास्टिकचे पापुद्रे लटकत होते आणि गाडीच्या पोटावर बारीक अक्षरांत चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे साल कोरलेले होते. मुलाचे म्हणणे असे की, दुकानदाराने जुना माल नवा म्हणून गळ्यात मारला. ही फसवणूक आहे का, असे या भगिनी विचारतात.

किट जुन्या साच्यातून निघाले एवढ्यावरून ती फसवणूक ठरत नाही. या छंदात ती नित्याची गोष्ट आहे. पण मालाचे वर्णन करताना ही बाब लपवली असेल, किंवा विचारूनही दुकानदाराने सांगितली नसेल, तर तक्रारीला नक्कीच जागा आहे. आपल्याकडे ही किट बहुतेक परदेशातूनच येतात. कोणी ऑनलाइन मागवतो, कोणाचे चाचा किंवा मामू आखातातून सुट्टीवर येताना घेऊन येतात. एकदा घरात आलेला डबा परत करणे सोपे नसते. म्हणून पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात. किट मूळ गाडीशी किती जुळते, आणि ते कोणत्या काळातल्या साच्यातून आले आहे. आजचा लेख या दोन गोष्टींविषयी आहे.

किट म्हणजे काय

ज्यांच्या घरी असे किट अजून आलेले नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. हे तयार खेळणे नव्हे. डब्यात प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटी असतात आणि त्यांना गाडीचे सुटे भाग लागलेले असतात. टपासकट बाहेरची बॉडी, बॉनेट, चासी, इंजिनाचे तुकडे, सीटा, बंपर, काचा, चाके, सारे वेगवेगळे. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे आणि सूचनांच्या कागदाप्रमाणे चिकटवायचे. घाई केली नाही तर एका गाडीत मुलाचे तीन-चार आठवडे आनंदात जातात.

हे भाग बनवण्याची रीत आपल्याला अगदी परकी नाही. वसईच्या किंवा दमणच्या कारखान्यांत प्लास्टिकचे डबे आणि झाकणे निघतात, तीच ही पद्धत. पॉलिस्टायरीन नावाचे प्लास्टिक २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवून पातळ करतात आणि पोलादी साच्यात जोराने भरतात. ते निवले की साच्याचे दोन अर्धे उघडतात आणि भाग बाहेर पडतो. कारखान्यातले लोक साच्याला डाय म्हणतात. डबे-झाकणांच्या साच्यात सूतभर फरक पडला तर कोणाचे काही अडत नाही. गाडीच्या किटमध्ये मात्र तेवढ्या फरकाने गाडीचा चेहरा बदलतो.

मापाचा हिशेब

डब्यावर १:२४ किंवा १:२५ असे लिहिलेले असते. १:२५ म्हणजे मूळ गाडीच्या २५ सेंटिमीटरला प्रतिकृतीत १ सेंटिमीटर. १:२४ हे माप फूट-इंचांच्या हिशेबातून आले आहे, एका फुटाला अर्धा इंच. जपानी आणि युरोपीय कंपन्या बहुधा १:२४ वापरतात, अमेरिकन कंपन्यांची जुनी किट बहुतेक १:२५ ची असतात.

उदाहरणासाठी एकच गाडी धरू या. १९५७ सालची शेव्हरले बेल एअर. मागे उंच परांसारखे मडगार्ड आणि भरपूर क्रोम असलेली ही गाडी अमेरिकेत फार लाडकी आहे. तिची लांबी २०० इंच, म्हणजे ५ मीटर ८ सेंटिमीटर. १:२५ मध्ये ती सुमारे २०.३ सेंटिमीटर भरते आणि १:२४ मध्ये सुमारे २१.२ सेंटिमीटर. फळीवर दोन्ही शेजारी ठेवल्या तर फरक लगेच दिसतो. एका किटची चाके दुसऱ्याला लावायला गेलो तरी तो जाणवतो.

आता टपाचा विचार करा. मूळ गाडीचा टप जिथे हवा त्यापेक्षा अडीच सेंटिमीटर खाली घेतला, तर १:२५ मध्ये फरक पडतो फक्त १ मिलिमीटरचा. एवढ्याने काय होणार, असे वाटेल. पण ओळखीच्या माणसाचे छायाचित्र थोडे दाबून छापले तर आपण लगेच म्हणतो, हा तो वाटत नाही. गाडीचे तसेच आहे. काचेचा उतार, टपाची गोलाई, चाकावरच्या कमानीची उंची यांत मिलिमीटरभर चूक झाली की गाडी ओळखू येते, पण ती गाडी वाटत नाही.

तरीही शंभर टक्के बरोबर असे किट जगात नाही. खऱ्या गाडीचा पत्रा १ मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. तो २५ पटीने लहान केला तर ०.०४ मिलिमीटर होईल, कागदाहूनही पातळ. एवढ्या पातळ जागेत प्लास्टिक नीट भरणार नाही, आणि भरले तरी हातात टिकणार नाही. म्हणून किटची भिंत १ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. शिवाय भाग साच्यातून सहज सुटावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. या तडजोडी प्रत्येक कंपनीला कराव्या लागतात. चांगल्या कंपनीची तडजोड नजरेत येत नाही, एवढाच फरक.

घेणाऱ्याच्या दृष्टीने चुकांचे तीन प्रकार करता येतात. पहिला प्रकार मुख्य मापांचा, म्हणजे लांबी, रुंदी आणि पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर. दुसरा आकाराचा, म्हणजे टप, काचा आणि मडगार्डच्या गोलाया. तिसरा बारीकसारीक तपशिलाचा, म्हणजे इंजिनातल्या वायरी, बिल्ले, दिवे, टायरवरची अक्षरे. तिसऱ्या प्रकारची चूक मुलगा घरी दुरुस्त करू शकतो, आणि त्यातच त्याची मजा असते. पहिल्या दोन प्रकारच्या चुका दुरुस्त करणे मुरलेल्या हातांनाही जड जाते. म्हणून किट निवडताना तपशिलाच्या आधी आकार पाहावा.

माप कोणाकडून मिळाले

किट बरोबर होण्यासाठी कोणीतरी मूळ गाडीचे माप घ्यावे लागते. ते कसे घेतले, यावर पुढचे बरेच अवलंबून असते.

अमेरिकेत या उद्योगाची सुरुवात मुलांसाठी झालेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या मोटार कंपन्या दरवर्षी गाड्यांचे रूप बदलत. नव्या गाडीची छोटी, तयार जोडलेली प्रतिकृती विक्रेत्यांकडे ठेवली जाई, गिऱ्हाइकाला रंग दाखवायला किंवा त्याच्या मुलाला भेट द्यायला. एएमटी ही कंपनी १९४८ मध्ये मिशिगन राज्यातल्या ट्रॉय गावी याच कामासाठी निघाली. ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज या तीन शब्दांची ही आद्याक्षरे. पुढे ॲल्युमिनियम गेले आणि प्लास्टिक आले, नाव मात्र राहिले. या प्रतिकृती मोटार कंपन्यांसाठीच बनत असल्याने त्यांच्याकडून गाडीचे नकाशे आणि मापे मिळत. त्यामुळे बाहेरचा आकार बराच बरोबर येई.

१९५८ मध्ये एएमटीने हेच साचे वापरून सुटी किट बाजारात आणली. बॉडी तीच, सोबत जादा भाग. मुलाने मनात येईल तशी गाडी करावी, कारखान्यातून निघाल्यासारखी साधी, सजवलेली किंवा शर्यतीची. किट फार खपली. पण प्रतिकृतीचे दोषही त्यांच्यात उतरले. विक्रेत्याच्या टेबलावरच्या गाडीचे पोट कोणी उलटून पाहत नसे. त्यामुळे चासी एका सपाट पाटीसारखी असे आणि सायलेन्सरचा पाइप तिच्यावरच उमटवलेला असे. चाके फिरावीत म्हणून लोखंडी दांडी आरपार जाई, काही किटमध्ये तर ती इंजिनालाच भोक पाडून पलीकडे निघे. वरून बरोबर, खालून ढोबळ असे हे किट होते. आज त्याच साच्यातून निघालेला डबा घेतला तर आतही तेच मिळणार.

इंग्लंडमध्येही असेच घडले. एअरफिक्स कंपनीचे पहिले किट म्हणून ओळखला जाणारा फर्ग्युसन ट्रॅक्टर १९४९ च्या सुमारास निघाला, तो मुळात ट्रॅक्टर विकणाऱ्यांच्या प्रचारासाठी होता.

जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने वेगळा मार्ग धरला. १९६७ मध्ये तिने होंडाच्या शर्यतीच्या गाडीचे १:१२ मापाचे मोठे किट काढले. पुढे पोर्शे ९३४ करायची ठरली तेव्हा कंपनीचे प्रमुख शुनसाकू तामिया यांना छायाचित्रे आणि कागद अपुरे वाटले. त्यांनी पोर्शे ९११ ही खरी गाडी विकत घेतली आणि ती पार सुटी केली. १९७६ मध्ये निघालेले ते १:१२ चे किट आजही नावाजले जाते. प्रत्येक किटसाठी एवढा खर्च कोणी करू शकत नाही. आता प्रकाशकिरणांनी गाडीचे माप घेणारी यंत्रे आली आहेत आणि काम सोपे झाले आहे. पण यंत्राने माप बरोबर घेतले तरी पुढे संगणकावर काम करणाऱ्या माणसाची नजर लागतेच. नव्या साच्यातल्या किटचाही टप चुकलेला असू शकतो. नवे म्हणजे अचूक, हे गृहीत धरू नये.

साचा हातोहाती फिरतो

पोलादी साचा बनवणे हा किटमधला सर्वात मोठा खर्च. एकदा तो झाला की साचा नीट राखल्यास अनेक दशके चालतो. म्हणून कंपन्या काही वर्षांनी तोच साचा पुन्हा यंत्रावर चढवतात, डब्यावर नवे चित्र छापतात आणि किट पुन्हा विकतात. पुस्तकाची नवी आवृत्ती निघावी तसेच हे. पुस्तकाच्या आत मात्र पहिली आवृत्ती कधीची ते छापलेले असते, किटच्या डब्यावर ते असेलच असे नाही.

त्यात कंपन्याही एकमेकींना विकल्या गेल्या. एएमटी १९७८ मध्ये मॅचबॉक्सच्या गाड्या बनवणाऱ्या लेस्नी या ब्रिटिश कंपनीकडे गेली, नंतर अर्टल या अमेरिकन कंपनीकडे. एमपीसी ही तिची जुनी प्रतिस्पर्धी कंपनीही १९८० च्या दशकात अर्टलकडेच आली. आज ही दोन्ही नावे इंडियाना राज्यातल्या राउंड टू कंपनीकडे आहेत. रेवेल आणि मोनोग्राम १९८६ मध्ये एकत्र झाल्या. पुढे रेवेल ज्या हॉबिको कंपनीकडे होती तिने जानेवारी २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्याच वर्षी जर्मनीतल्या एका गुंतवणूक कंपनीने रेवेल घेतली. एअरफिक्स १९८१ मध्ये बुडाली. तिचे साचे फ्रान्सला गेले, पुन्हा इंग्लंडच्या हंब्रोलकडे आले आणि २००६ मध्ये हॉर्नबीने ते नाव विकत घेतले.

याचा अर्थ इतकाच की डब्यावरचे नाव पाहून आतला साचा कोणाचा आणि कधीचा हे कळत नाही. एका नावाखाली चार कंपन्यांचे साचे असू शकतात.

पुन्हा १९५७ च्या शेव्हरलेकडे येऊ. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एएमटीने तिचे किट काढले. त्याच सुमारास रेवेलने दारे, बॉनेट आणि डिकी उघडणारे किट काढले. ऐकायला छान, पण त्यासाठी बॉडीचे अनेक तुकडे करावे लागले आणि ते रेषेत बसवताना भल्याभल्यांना घाम फुटतो. १९७० च्या दशकात मोनोग्रामने १:२४ मध्ये तीच गाडी केली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एएमटी-अर्टलने अगदी नवा साचा केला, तो जुन्या एएमटीपेक्षा कितीतरी सरस मानला जातो. २०१० नंतर रेवेलनेही या सालच्या शेव्हरलेचे नवे साचे काढले. गाडी एक, साल एक, आणि किट इतकी. यांतले कोणतेही एक डब्यावर १९५७ शेव्हरले एवढेच लिहून समोर येऊ शकते. पंधरा वर्षांच्या मुलाने चित्र पाहून निवड केली तर त्याच्या हाती काय येईल ते नशिबावर.

हरवलेले साचे आणि त्यांच्या नकला

सगळेच जुने साचे उरलेले नाहीत. गाड्यांचे रूप दरवर्षी बदले, तेव्हा नवा साचा करण्याऐवजी जुन्याच साच्यात फेरफार करत. यंदाची जाळी आणि दिवे खोडून पुढच्या वर्षीचे कोरायचे. त्यामुळे आधीच्या सालची गाडी कायमची गेली. काही साच्यांच्या चाकांवरच्या कमानी शर्यतीच्या गाडीसाठी कापून मोठ्या केल्या, मग साधी गाडी परत काढता येईना.

अशा हरवलेल्या किटसाठी जाणती माणसे भारी किंमत मोजतात. म्हणून अलीकडे राउंड टू कंपनीने वेगळी युक्ती काढली आहे. जपून ठेवलेले जुने किट घ्यायचे, त्याच्या भागांची मापे घ्यायची आणि त्यावरून नवा साचा करायचा. १९६३ च्या शेव्ही टू नोव्हा वॅगनचे किट असेच परत आले. डबाही जुन्यासारखाच करतात.

इथे अचूक या शब्दाचे दोन अर्थ होतात. हे नवे किट जुन्या किटशी अचूक आहे. ते खऱ्या गाडीशी अचूक आहेच असे नाही. जुन्या किटमध्ये टप चुकला असेल तर नक्कल चूकही इमानदारीने उतरवणार. ज्याने लहानपणी ते किट जोडले होते आणि आता साठीत ते पुन्हा जोडायचे आहे, त्याला हेच हवे असते. ज्या मुलाला गाडी जशीच्या तशी हवी आहे, त्याच्यासाठी ही खरेदी चुकीची ठरेल. दोघांच्याही अपेक्षा रास्त आहेत. आपण कोणत्या कारणाने घेतो आहोत ते आधी ठरवावे.

पुन्हा काढलेल्या किटमध्ये आणखी काही बदल होतात. टायरवरची कंपन्यांची नावे परवान्याच्या भानगडीमुळे कधी कधी काढून टाकतात. शर्यतीच्या गाड्यांवर पूर्वी सिगारेट कंपन्यांच्या मोठ्या जाहिराती असत, त्यांचे स्टिकर नव्या आवृत्त्यांतून बहुधा गाळलेले असतात. अचूकपणाचे वेड असलेले लोक त्याबद्दल कुरकुरतात. घरातल्या मुलाच्या फळीवर सिगारेटची जाहिरात नसली तर अम्मी-अब्बांना मात्र बरेच वाटेल. उलट काही बदल फायद्याचेही असतात. जुन्या किटमधले पिवळे पडलेले, तुकडे होणारे स्टिकर जाऊन नवे, स्वच्छ छापलेले मिळतात.

पैसे देण्याआधी

आता प्रत्यक्ष खरेदीविषयी. पहिले, डब्याच्या बाजूची बारीक छपाई वाचा. तिथले साल पुष्कळदा डब्याच्या छपाईचे असते, साच्याचे नव्हे. दुसरे, आतल्या भागांची छायाचित्रे मागा. डब्यावरचे चित्र चित्रकाराने काढलेले असते, त्यावरून काही कळत नाही. तिसरे, स्केलमेट्स नावाच्या संकेतस्थळावर किटचा क्रमांक टाकून पाहा. साचा पहिल्यांदा कधी वापरला आणि नंतर कोणकोणत्या डब्यांतून विकला गेला, याची नोंद तिथे बहुतेक किटसाठी सापडते. चौथे, बॉडीचे छायाचित्र आणि खऱ्या गाडीचे छायाचित्र बाजूने, सारख्याच कोनातून घेतलेले, शेजारी ठेवून टप आणि काचा ताडून पाहा.

पाचवी गोष्ट दुकानदाराला सरळ विचारायची. साचा नवा आहे की जुना? जाणकार विक्रेता याचे उत्तर देतो. मालात जे आहे ते विकण्याआधी सांगावे, ही व्यापारातली जुनी शिस्त आहे. मापात पाप ही म्हण आपण धान्याच्या मापासाठी वापरतो, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या साच्यातला डबा अगदी नवीन म्हणून नव्या साच्याच्या भावाने विकणे त्याहून वेगळे नाही. आणि जुना आहे असे स्पष्ट सांगून, त्याच्या मानाने भाव लावून विकला, तर त्यात काही गैर नाही. पहिल्यांदाच किट जोडणाऱ्या मुलासाठी तर कमी भागांचे, स्वस्त, जुने किट कित्येकदा बरे. त्यावर हात बसला की महागडे घ्यावे.

डबा उघडल्यावर

जुन्या साच्याचे किट आलेच, तर निराश व्हायचे कारण नाही. साच्याचे दोन अर्धे झिजून त्यांच्यात फट पडते आणि प्लास्टिक तिथून बाहेर येते, तेच ते पापुद्रे. धारदार पातीने हलकेच खरवडून आणि बारीक पॉलिश पेपरने घासून ते जातात. भाग आधी कोमट पाण्यात साबण घालून धुवावेत, कारण साच्यातले तेलकट राहिले तर रंग धरत नाही. चिकटवण्याआधी सगळे भाग नुसते लावून पाहावेत. जुन्या साच्यात हे फार गरजेचे.

मऊ टायर बाकीच्या भागांना, विशेषतः काचांना लागून महिनोन् महिने पडू देऊ नका. त्यातले तेलासारखे द्रव्य हळूहळू प्लास्टिकला खाते आणि काचेवर टायरचा ठसा कायमचा उमटतो. जुने डबे उघडल्यावर हा प्रकार हमखास दिसतो. टायर वेगळ्या पिशवीत ठेवले की झाले.

पात, गोंद आणि फवाऱ्याचे रंग यांच्याशी काम करताना घरातले मोठे माणूस जवळ असावे. गोंदाचा आणि रंगाचा वास बंद खोलीत साठू देऊ नये. खिडकी उघडी हवी, लहान भावंडे आणि चूल लांब हवी.

शेवटी मुलांसाठी एक उद्योग सुचवतो, त्याला पैसे लागत नाहीत. गल्लीत उभी असलेली कोणतीही गाडी, मालकाची परवानगी घेऊन, टेपने मोजा. लांबी, रुंदी, उंची, आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर. प्रत्येक आकड्याला २४ ने भागा आणि त्या मापाने कागदावर गाडीची बाजू काढा. मारुती ८०० असेल तर तिची लांबी ३,३३५ मिलिमीटर, म्हणजे कागदावर सुमारे १३९ मिलिमीटर येईल. एकदा टपाची रेष स्वतः मोजून काढली की पुढच्या वेळी डब्यावरचे चित्र पाहून मूल हुरळून जात नाही. ते आधी आतली बॉडी दाखवा म्हणते. ही सवय किटपुरती राहिली नाही तरी चालेल.